न उघडलेली एअरबॅग

बारडोली हे नाव आपण सर्वांनी शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात वाचलेले असते. १९२८ चा साराबंदीचा लढा, त्यात वल्लभभाई पटेलांना मिळालेली सरदार ही पदवी, आणि परीक्षेत हमखास येणारा चार गुणांचा प्रश्न. माझ्या बाबतीत त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. बारडोली हे माझ्या मामांचे गाव. जन्मगाव नव्हे, जन्माने ते आमच्या निपाणीचेच. पण रसायनशास्त्राची पदवी आणि साखरेतला पुढचा अभ्यासक्रम पुरा करून ते जे गुजरातेत गेले ते तिकडचेच झाले. बावीस वर्षे ते बारडोली भागातील एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहेत.

आपल्या चिकोडी-निपाणी भागातल्या माणसाला बारडोली परकी वाटत नाही. तोच ऊस, तीच काळी जमीन, हंगामात रस्त्याला येणारा तोच मळीचा आंबूस वास. ऊसतोडीला खानदेशातून आणि डांगातून माणसे येतात, त्यामुळे फडात अहिराणी कानावर पडते. सुरतेहून तीस-पस्तीस किलोमीटरवर असलेल्या या गावावरून जाणारा महामार्ग पुढे व्यारा, सोनगड, नवापूर करीत धुळ्याला पोचतो. मामी भाजीवालीशी गुजरातीत, शेजारणीशी हिंदीत आणि मामांशी निपाणीच्या मराठीत बोलते. रागावली की मात्र कानडीत, कारण तिचे माहेर गोकाकचे. या मासिकाच्या दोन्ही विभागांना ती चालेल.

२०२४ च्या जानेवारीतली गोष्ट. गळीत हंगाम ऐन भरात होता. मामा रात्रपाळी संपवून पहाटे घरी निघाले होते. कडोदच्या रस्त्यावर उसाने भरलेली एक ट्रॉली बंद पडून उभी होती. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही, दगडसुद्धा ठेवलेला नाही. धुके होते. मामांची गाडी सरळ तिच्या मागच्या आडव्या लोखंडी पट्टीवर आदळली. गाडीचे तोंड मधोमध आत गेले. पट्टा लावलेला होता म्हणून जीव वाचला. पण समोरची एअरबॅग उघडली नाही. मामांचे तोंड चाकावर आपटले. खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला, पुढचे चार दात गेले, उजवे मनगट मोडले, दोन बरगड्यांना तडे गेले. सहा आठवडे जबडा तारेने बांधलेला होता. ताक, पेज, डाळीचे पाणी, सगळे नळीने. आजही त्यांचे तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. आयुष्यभर साखरेत राहिलेल्या या माणसाला आता दाताने उसाचे कांडे सोलता येत नाही. प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक नव्या जातीचा ऊस यंत्रात घालण्याआधी स्वतः चावून पाहण्याची त्यांची सवय होती. तिच्याबद्दल ते बोलत नाहीत, मामी बोलते.

मी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, कायद्याची विद्यार्थिनी नाही. पण त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत दीड महिना मी बारडोलीला होते, आणि मनगट मोडलेल्या मामांचे सगळे लिहिणे-वाचणे माझ्याकडे आले. त्यानिमित्ताने मी जे वाचले, ऐकले आणि पाहिले ते आपल्या वाचकांच्या उपयोगी पडावे असे वाटले. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आता गाडी आहे, आणि 'दोन एअरबॅगा आहेत' हे आपण पाहुण्यांना सांगतोही.

आधी ही वस्तू काय आहे ते. गाडीच्या पुढच्या भागात धक्का ओळखणारी यंत्रे असतात. जोराची समोरून धडक बसली की ती मधल्या नियंत्रण पेटीला खबर देतात, पेटी ठिणगी देते, ठिणगीने रसायन पेटते, त्याचा वायू होतो आणि चाकात घडी घालून ठेवलेली नायलॉनची पिशवी फुगते. हे सगळे सेकंदाच्या सुमारे तीस हजारांशाव्या भागात होते, म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या आत. तिला पूरक साधन म्हणतात ते उगीच नव्हे. मुख्य साधन पट्टा. पिशवी त्याच्या मदतीला. भारतात नव्या मोटारींना चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या आसनासाठी नव्या नमुन्यांना १ एप्रिल २०२१ पासून आणि चालू नमुन्यांना त्या वर्षाच्या अखेरीपासून.

आता ही वस्तू दोन तऱ्हांनी दगा देते. एक म्हणजे उघडायला हवी तेव्हा उघडत नाही. मामांचे तसे झाले. दुसरी तऱ्हा अधिक भयानक: उघडते, पण मारते. जपानच्या ताकाता कंपनीने पिशवी फुगवण्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरले. उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षे राहून ते बिघडते, मग गरजेपेक्षा जोरात पेटते आणि त्याचे धातूचे डबडेच फुटून तुकडे माणसाच्या मानेत, चेहऱ्यात घुसतात. एकट्या अमेरिकेत अशी सुमारे ६ कोटी ७० लाख डबडी परत मागवावी लागली. २०१७ साली कंपनीने फसवणुकीचा गुन्हा कबूल केला. ठरलेल्या शंभर कोटी डॉलर्सपैकी साडेबारा कोटी जखमींसाठी आणि पंच्याऐंशी कोटी मोटार कंपन्यांसाठी होते. या वाटणीवर मामांनी तारेने बांधलेल्या जबड्यातून जो आवाज काढला तो लिहिण्यासारखा नाही. त्याच वर्षी ताकाताने दिवाळे काढले. भारतातही होंडाने २०१६ च्या जुलैत सुमारे १ लाख ९० हजार गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या, आणि आपली कोकणपट्टी किंवा सुरतेचा किनारा दमटपणात कुणाला हार जाणारा नाही. जुनी गाडी वापरणाऱ्याने कंपनीकडे चासी नंबर देऊन चौकशी करावी. पैसे पडत नाहीत.

यात तिसरीही एक गोष्ट मिसळली जाते, ती वेगळी काढली पाहिजे. २०२४ च्या डिसेंबरात नवी मुंबईत वाशीला पुढच्या आसनावर बसलेला सहा वर्षांचा मुलगा एअरबॅगच्या आघाताने गेला. पिशवी बिघडलेली नसली तरी ती लहान मुलासाठी केलेलीच नसते. मुलाला मागे बसवावे, हे सांगायला कायद्याची गरज नाही.

असो. मामांच्या गोष्टीकडे येते.

अपघातानंतर पहिल्या दहा दिवसांत जे ठरते त्यावर पुढचे सगळे अवलंबून असते, हे मला नंतर कळले. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने गाडी पूर्ण बाद ठरवली. अशा वेळी रिवाज असा की कंपनी पैसे देते आणि भंगार उचलून नेते. मामी तर वाटच पाहत होती, तिला ती गाडी डोळ्यांसमोर नको होती. त्याच सुमारास मामांचे एक सहकारी सुरतेच्या एका वकिलांना घेऊन दवाखान्यात आले. वयस्कर, शांत गृहस्थ. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि गुजरातीत एकच वाक्य म्हटले: "गाडी वेचशो नहीं." मामीला इतक्या वर्षांनंतरही ते क्षणभर चुकीचे ऐकू आले असावे. आपल्याकडे वेचणे म्हणजे गोळा करणे, फुले वेचणे. गुजरातीत ते विकणे. गाडी विकू नका.

कारण उघड आहे. बिघाड होता की नाही याचा एकमेव साक्षीदार ती गाडी. पिशवी न उघडल्याचे कारण त्या नियंत्रण पेटीत, तारांत, चाकाखालच्या जोडणीत दडलेले. गाडी भंगारात गेली की राहतो तो फक्त मामांचा शब्द, आणि समोर कंपनीचे इंजिनिअर. विमा कंपनीशी बोलून मामांनी भंगाराची किंमत वजा करून पैसे घेतले आणि गाडी स्वतःकडे ठेवली. त्यात लाखाच्या वर रक्कम कमी हाती आली. घरात यावरून वाद झाला. मुलगा त्या वर्षी इंजिनिअरिंगला जायचा होता. मामी म्हणाली, "दात गेले ते गेले, आता पैसेही घालवा." मामा पाटीवर डाव्या हाताने लिहून उत्तर देत. त्यांनी लिहिले, "नमुना टाकून देत नाहीत."

हे रसायनशास्त्रज्ञाचे बोलणे झाले. अन्नाच्या नमुन्यावर तंटा होण्यासारखा असला की तो वाटून लाखेने बंद करून ठेवतात, म्हणजे एका बाजूने तपासल्यावर दुसऱ्यालाही तपासून घेता येतो. मामांनी गाडीचे तेच केले. क्वार्टरच्या मागे पत्र्याखाली ती उभी केली, दारांना कागद चिकटवून त्यावर सह्या घेतल्या, बॉनेटवर लोखंडी फूटपट्टी ठेवून सर्व बाजूंनी फोटो काढवले. मोडलेला भाग किती आत गेला आहे हे फोटोतच मोजता यावे म्हणून. नंतर वकिलांनी ते फोटो पाहिले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला.

वकिलांचे पहिले प्रश्न मला अजून आठवतात. पुढे लोखंडी गार्ड बसवले होते का? बाहेरचा माल, वेगळे चाक, वेगळी वायरिंग? सर्व्हिस कुठे केली? डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा गाडी चालू करताना पेटून विझत होता का, की पेटलेलाच राहत होता? आणि पट्टा? गार्ड नव्हते. दिवा नेहमीसारखा विझत होता. पट्ट्याबद्दल मात्र मामांच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? इथे दवाखान्याच्या कागदाने हात दिला. रात्रीच्या डॉक्टरने केसपेपरवर लिहून ठेवले होते की उजव्या खांद्यापासून छातीवर तिरका, पट्ट्याच्या रुंदीचा काळानिळा वळ आहे. एका थकलेल्या, पंचवीस-सव्वीस वर्षांच्या डॉक्टरने पहाटे पाच वाजता लिहिलेली ती ओळ आमच्या फायलीतली सर्वांत मौल्यवान ओळ आहे.

गाडीच्या कंपनीला पत्र गेले. महिन्याभराने उत्तर आले. धडकेचा जोर पिशवी उघडण्याच्या मर्यादेपेक्षा कमी होता. धडक ठरलेल्या कोनातून बसली नाही. आणि तरीही ग्राहकाची इच्छा असेल तर कंपनी नियंत्रण पेटी काढून आपल्या प्रयोगशाळेत तपासून देईल. मामांना राग आला तो शेवटच्या वाक्याचा. काही दिवसांनी खरोखरच एक इंजिनिअर हत्यारांची पेटी घेऊन दारात आला. मुलगा सभ्य होता, मामीने चहाही दिला. पण मामांनी गाडीला हात लावू दिला नाही. तोवर तार निघाली होती, शब्द अस्पष्ट येत, तरी त्याला कळेल असे बोलले: "उघडायची तर दोघांसमोर. नाहीतर नाही."

आता वाटा कोणत्या, ते सांगते. मुळात इथे दोन वेगवेगळ्या चुका आहेत आणि लोक त्या एक करतात. गाडी ट्रॉलीवर आदळली ही एक धडक. मामा चाकावर आदळले ही दुसरी. पहिल्या धडकेला ट्रॉलीवाला जबाबदार. त्याच्याविरुद्ध आणि त्याच्या विमा कंपनीविरुद्ध १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली न्यायाधिकरणात दावा होतो. २०२२ च्या एप्रिलपासून त्याला सहा महिन्यांची मुदत लागू झाली आहे. या मुदतीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर गेला आहे, पण शहाण्याने सहा महिन्यांतच अर्ज द्यावा. कुणाचीही चूक सिद्ध न करता मिळणारी ठोक रक्कमही त्याच कायद्याच्या कलम १६४ मध्ये आहे, गंभीर दुखापतीला अडीच लाख. मामांनी कलम १६६ ची वाट घेतली आणि अर्ज जूनमध्येच दिला.

दुसऱ्या धडकेला गाडी बनवणारा जबाबदार असू शकतो. कंपन्या पूर्वी म्हणत, आम्ही गाडी धावण्यासाठी बनवतो, आदळण्यासाठी नाही. अमेरिकेत १९६८ साली जनरल मोटर्सने एका खटल्यात जवळजवळ असेच सांगितले होते; समोरून झालेल्या धडकेत चाकाचा दांडा मागे येऊन चालकाच्या डोक्याला लागला होता. तिथल्या न्यायालयाने ते मानले नाही. रस्त्यावर अपघात होतात हे बनवणाऱ्यालाही ठाऊक असते, तेव्हा दुसऱ्या धडकेत माणसाला वाजवीपेक्षा जास्त इजा होऊ नये अशी रचना करणे त्याचे काम आहे. एअरबॅगच्या बाबतीत तर तो वाद उरतच नाही. ती वस्तूच मुळी आदळण्यासाठी आहे, आणि तिचे पैसे घेतलेले आहेत.

या दुसऱ्या चुकीसाठी आपल्याकडे ग्राहक आयोग आहे. पुण्याच्या बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, १९७८ साली अहमदाबादेत मनुभाई शहांचे ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्र उभे राहिले, आणि १९८६ साली पहिला ग्राहक संरक्षण कायदा आला. आज लागू आहे तो २०१९ चा. जुलै २०२० पासून अमलात आलेल्या या कायद्यात सदोष उत्पादनाच्या जबाबदारीचे स्वतंत्र प्रकरणच घातले आहे, कलम ८२ ते ८७. त्यातले कलम ८४ मी मामांना दोनदा वाचून दाखवले. रचनेत दोष, बनवण्यात दोष, ठरलेल्या मापापासून फारकत, दिलेल्या हमीशी विसंगती, किंवा धोक्याची पुरेशी सूचना नसणे, यातले एकही दाखवता आले तर उत्पादक जबाबदार. हमी मोडली असेल तर 'आम्ही निष्काळजीपणा केला नाही' हे उत्तरही चालत नाही. दुसऱ्या बाजूने, ग्राहकाने वस्तूत फेरफार केला किंवा तिचा गैरवापर केला तर कलम ८७ कंपनीच्या मदतीला येते. वकिलांनी गार्डचा प्रश्न आधी का विचारला ते इथे कळते. आपल्या कॉलेजच्या आवारात उभ्या असलेल्या मोटारींपैकी किती जणांनी बाजूच्या पिशव्यांवर रेक्झिनची कव्हरे ताणून बसवली आहेत ते प्राध्यापक मंडळींनी एकदा पाहावे.

गाडी ज्याच्या नावावर त्यालाच तक्रार करता येते असेही नाही. मालकाच्या संमतीने ती वापरणाराही ग्राहक. मृत्यू झाला तर वारस. मुदत दोन वर्षांची. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. निपाणीच्या माणसाला बेळगाव आहे, कंपनीच्या गावी जायला नको. कोणत्या पायरीवर जायचे ते वस्तूची किंमत ठरवते, ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. मागणी कितीही असो. बडोद्याच्या एका खटल्यात यावरच वाद झाला. गाडीला आग लागून नवरा गेलेल्या बाईने ५० कोटींहून अधिक भरपाई मागितली होती, पण गाडीची किंमत लाखांत होती, म्हणून जिल्हा आयोग; २०२५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही रीत वैध ठरवली. मला हे जरा विचित्र वाटते. जिवाची किंमत आणि गाडीची किंमत या दोन गोष्टी एका मापाने मोजल्यासारखे होते. पण वकील म्हणाले, तुमच्यासाठी हेच सोयीचे आहे. मामांची गाडी अकरा लाखांची, म्हणून फी चारशे रुपये. कारखान्यातल्या चहाचे आठवड्याचे बिल याहून जास्त होते.

खरी अडचण पुराव्याची. एअरबॅग बिघडलेली होती हे सामान्य माणूस दाखवणार कसे? इथे एक निकाल आम्हाला दिव्यासारखा वाटला. दिल्लीच्या एका ग्राहकाने २०१५ च्या ऑगस्टमध्ये ह्युंदाईची क्रेटा घेतली. २०१७ च्या नोव्हेंबरात दिल्ली-पानिपत रस्त्यावर अपघात झाला, पिशव्या उघडल्या नाहीत, डोक्याला, छातीला, दातांना इजा झाली. दात वाचताना मी क्षणभर थांबले. कंपनीचे म्हणणे तेच: जोर पुरेसा नव्हता. राज्य आयोगाने उपचार आणि बुडालेल्या उत्पन्नापोटी २ लाख, मनस्तापाचे ५० हजार, खर्चाचे ५० हजार, आणि गाडी बदलून द्या असा आदेश दिला. राष्ट्रीय आयोगाने तो उचलून धरला, आणि २० एप्रिल २०२२ रोजी न्यायमूर्ती विनीत सरन व न्यायमूर्ती अनिरुद्ध बोस यांनी कंपनीचे अपील फेटाळले. गाडी घेणारा माणूस वेग आणि बल यांची गणिते मांडणारा भौतिकशास्त्रज्ञ असावा अशी अपेक्षा करता येत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. गाडीचे तोंड चुरगळले आहे आणि पिशवी घडीतच आहे, तर ती गोष्टच बोलते. असे साधन पुरवण्यात कसूर झाली तर जरब बसेल अशी दंडात्मक भरपाई, तीही कंपनीच्या ऐपतीकडे पाहून, लावता येईल असेही त्यांनी म्हटले. २०२४ च्या जुलैत दुसरा निकाल आला. मर्सिडीजच्या २००६ मधल्या अपघातात समोरच्या पिशव्या उघडल्या नव्हत्या. त्या कधी उघडतात आणि कधी नाही हे गिऱ्हाइकाला पुरते सांगितले नाही, या मुद्द्यासह १० लाखांची भरपाई कायम झाली. जाहिरातीत एअरबॅग मोठ्या अक्षरांत आणि तिच्या मर्यादा पुस्तिकेच्या कुठल्यातरी पानावर, हे आता कंपन्यांना सोपे राहिलेले नाही. मात्र दोन्ही खटल्यांचे आकडे नीट पाहा. पहिल्यात साडेचार वर्षे, दुसऱ्यात अठरा. तेवढा दम लागतो.

लायब्ररीत या विषयाची जुनी पुस्तके चाळताना मला एक योगायोग सापडला. बारडोलीचा लढा १९२८ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला समेटाने संपला. त्याच महिन्याच्या २६ तारखेला स्कॉटलंडमधल्या पेस्ले गावी डोनोह्यू नावाची एक बाई जिंजर बिअर प्यायली आणि अपारदर्शक बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाली. बाटली तिच्या मैत्रिणीने विकत घेतलेली, म्हणजे कारखानदाराशी तिचा करार नव्हता. तरीही १९३२ साली लॉर्ड ॲटकिन यांनी सांगितले की आपल्या कृतीने ज्याला इजा होऊ शकते तो आपला शेजारीच, त्याची काळजी घेतली पाहिजे. सदोष वस्तूंचा सगळा आधुनिक कायदा या गोगलगायीच्या पाठीवर उभा आहे, आणि गंमत म्हणजे ती गोगलगाय बाटलीत खरोखर होती की नाही हे कधी सिद्धच झाले नाही. पुढे प्रकरण आपसात मिटले. मोटारीपुरते पाहिले तर अमेरिकेत त्याआधीच, १९१६ मध्ये, न्यायमूर्ती कार्डोझो यांनी ब्यूक कंपनीला जबाबदार धरले होते. चाकाचे लाकडी आरे मोडून मालक जखमी झाला. कंपनी म्हणाली, चाक आम्ही दुसऱ्याकडून घेतले. न्यायमूर्ती म्हणाले, बसवण्यापूर्वी तपासायचे होते. आजही एअरबॅग एक बनवतो, पेटी दुसरा, गाडी तिसरा.

बारडोलीत तरी काय झाले होते? सरकारी अधिकाऱ्यांनी आकडे मांडून सारा २२ टक्क्यांनी वाढवला. शेतकरी म्हणाले, आकडे चुकीचे आहेत. समेटानंतर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोघांची चौकशी नेमली गेली. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची सजा देणारे न्यायाधीश. शेतकऱ्यांच्या वतीने भुलाभाई देसाई उभे राहिले. गावोगाव पडताळणी झाली तेव्हा खंडाच्या ज्या आकड्यांवर सारी वाढ उभी होती ते नीट तपासलेच नव्हते असे निघाले, आणि वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. मी हे मामांना सांगितले. ते स्वराज आश्रमासमोरून बावीस वर्षे ये-जा करतात. म्हणाले, "मग आपणही त्यांची मर्यादा किती ते आकड्यात मागूया की गं." दुसऱ्याच दिवशी वकिलांच्या नोटिशीत एक परिच्छेद वाढला: पिशवी कोणत्या वेगाला आणि किती धक्क्याला उघडते, पेटीत नोंदलेला धक्का किती, दोन्ही आकडे द्या. कंपनीने आजवर पहिला आकडा दिलेला नाही. 'मर्यादेपेक्षा कमी' एवढेच पुन्हा पुन्हा लिहिते.

तक्रार २०२५ मध्ये सुरत जिल्हा आयोगात दाखल झाली. कंपनीला लेखी उत्तराला ३० दिवस आणि वाढवून मिळाले तर आणखी १५. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितल्याप्रमाणे त्यापुढे एक दिवसही नाही. कंपनीने चव्वेचाळिसाव्या दिवशी उत्तर दिले. त्यात नवा मुद्दा आहे: न्यायाधिकरणात ट्रॉलीवाल्याविरुद्ध दावा केला असताना इथे पुन्हा मागता येणार नाही. आमच्या वकिलांचे उत्तर असे की दवाखान्याची बिले दोनदा मागितलेलीच नाहीत. ट्रॉलीने गाडी मोडली त्याचे तिकडे, पिशवी न उघडल्याने जबडा मोडला त्याचे इकडे. मनगट कुणाच्या खात्यात घालायचे यावर मात्र तेही अडखळले. ते दोघांत वाटून मागितले आहे.

हे सगळे आम्ही जिंकू असे मी म्हणत नाही. ट्रॉलीची पट्टी बंपरच्या मधल्या लोखंडाला लागली की थोडी वर, यावर बरेच ठरेल, आणि तिथे मामांची फूटपट्टी आणि कंपनीचा इंजिनिअर यांची गाठ आहे. ट्रॉलीसारख्या उंच वस्तूखाली गाडी घुसली तर धक्का हळू बसतो आणि पिशवी न उघडणे बरोबर ठरू शकते, हे मामांनाही मान्य आहे. त्यांचे म्हणणे इतकेच की ते मोजून ठरावे.

कायद्याच्या कलम ३८ खाली वस्तू प्रयोगशाळेत पाठवण्याचा आमचा अर्ज मंजूर झाला आहे. पेटी दोन्ही बाजूंसमोर काढायची, लाखेने बंद करायची आणि दोघांना मान्य अशा संस्थेकडे द्यायची. पुण्याच्या टेकडीवरची एआरएआय ही संस्था मामांनी सुचवली, कंपनीला हरियाणातली हवी आहे. तपासणीची फी आम्ही भरली. नुसती पेटी न्यायची की गाडीचे तोंडही न्यायचे, आणि गाडीही न्यायची ठरली तर बारडोलीहून ट्रकचे भाडे कोणी द्यायचे, यावर सध्या दोन्ही वकिलांचा पत्रव्यवहार चालू आहे. मामीने पत्र्याखालच्या ताडपत्रीला पावसाळ्याआधी नवी दोरी बांधून घेतली आहे.